भाऊंच्या नावाचा चौक नको

गेल्या महिन्यात नागपुरातल्या आमच्या वस्तीत एक बैठक झाली. जागा नेहमीचीच, किराणा दुकानासमोरचा ओटा. दुकानाचं शटर मात्र खाली होतं, आणि ज्यांच्यासाठी सगळे जमले होते ते दुकानदार भाऊ फ्लेक्सवर होते, हार घातलेले. विषय होता, भाऊंच्या आठवणीसाठी काय करायचं. अर्ध्या तासात दोन गोष्टी सुचल्या: ओट्याजवळ अर्धपुतळा, नाहीतर कोपऱ्यावरच्या चौकाला भाऊंचं नाव आणि वर लोखंडी कमान. पुतळ्याचा विषय वस्तीतल्या एका वकील पोराने तिथेच मिटवला. रस्ते, फूटपाथ आणि लोकांच्या वापराच्या जागांवर नव्या पुतळ्यांना परवानगी देऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2013 च्या आदेशात राज्यांना सांगितलेलं आहे, हे त्याने मोबाइलवर दाखवलं. मग चौकावर एकमत झालं. 'नको' म्हणणारा मी एकटाच.

का नको, ते मला तिथे नीट सांगता आलं नाही. "भाऊचं मीठ खाल्लं अन् असा बोलून राहिला?" असं एका काकूंनी विचारलं आणि माझं तोंड बंद झालं. मीठ खाल्लं होतंच. तेही उधारीचं.

घरच्यांना आवडणार नाही म्हणून भाऊंचं नाव लिहीत नाही. आमची वस्ती गांधीसागर तलावाच्या जवळची, एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी. जमशेटजी टाटांची ही मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली आणि 2002 मध्ये कायमची बंद पडली. आता त्या जागेवर मॉल आहे. माझे वडील मिलमध्ये मागावर होते. मिल बंद झाल्यावर आमच्या घरात पहिला प्रश्न आला तो तांदळाचा. आई पिशवी घेऊन भाऊंच्या दुकानासमोर उभी राहिली आणि काही बोलेचना. भाऊंनी तिच्याकडे न बघताच तागडीत तांदूळ ओतला. "वहिनी, तेल कितीचं देऊ?" एवढंच विचारलं. पैशांचा विषय आईनेच काढला तेव्हा म्हणाले, "देजो सवडीनं. पैसे पळून थोडेच चालले."

ही उधारी चालायची कशी, हे भाऊंचं कौतुक करणाऱ्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. भाऊ माल मस्कासाथमधून उचलायचे. ठोक व्यापारी त्यांना आठवड्याची, फार तर पंधरा दिवसांची मुदत द्यायचा. भाऊ आम्हाला महिन्याची द्यायचे, आणि मिल बंद पडल्यावर तर वर्षाची. या दोन मुदतींच्या मधली जी फट, ती भाऊंच्या स्वतःच्या पैशाने भरलेली असायची. किराण्यात साखर, तेल, मीठ यांच्यावर सुटतं किती? पैशांत मोजावं इतकं. म्हणजे एका घराची वर्षभराची उधारी निभवायला दुकानाला कित्येक घरांची रोख गिऱ्हाइकी लागते. भाऊंनी व्याज कधी लावलं नाही. पण खरं सांगायचं तर त्यांच्याकडे साबणाची वडी इतवारीपेक्षा महाग मिळायची. आई ते ओळखून होती. "उधारीचं भाडं हाय ते," म्हणायची.

दुकानात बाकी काय काय चालायचं याची यादी केली तर पानं पुरणार नाहीत. शीतपेयांच्या फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात तीन-चार घरांचं इन्सुलिन असायचं. खिळ्याला टांगलेल्या किल्ल्या असायच्या, कोणत्या घराच्या ते फक्त भाऊंना माहीत. पोस्टमन अर्धी वस्ती तिथेच वाटून मोकळा व्हायचा. रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायचा फॉर्म भाऊ भरून द्यायचे, नवरा-बायकोच्या भांडणात पोरांना आधी गोळ्या द्यायचे आणि मग नवऱ्याला शिव्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वाईटाचे पुतळे मिरवून जाळतात त्या मारबतीच्या मिरवणुकीतून घसा बसवून आलेल्या पोट्ट्यांना सरबत तिथेच मिळायचं. पण मला सगळ्यांत जास्त लक्षात राहिलेली गोष्ट वेगळी आहे. माळ्यावर एका पोत्यात मयतीचं सामान कायम तयार असायचं. पांढरं कापड, सुतळी, गुलाल, कापूर, मडकं. रात्री दोन वाजताही शटर वाजवलं तर ते मिळायचं. आणि त्याची नोंद वहीत कधी झाली नाही. बाकी पाव किलो पोह्यांचीसुद्धा व्हायची.

नागपुरात करोनाचा पहिला रुग्ण 11 मार्च 2020 ला सापडला. दोन आठवड्यांनी देश बंद झाला. त्या रात्री भाऊंनी वहीच्या मागच्या पानावर घरांची यादी केली: कोण एकटं राहतं, कोणाकडे तान्हं बाळ आहे, कोण रोजंदारीवर आहे, कोण मागायला लाजेल. शेवटचा रकाना बघा. असा रकाना कोणत्याही सरकारी फॉर्ममध्ये नसतो.

इथपर्यंत वाचून कोणीही म्हणेल, मग अशा माणसाचं नाव चौकाला द्यायला हरकत काय? माझी हरकत इथूनच सुरू होते. वर सांगितलेली कामं पुन्हा एकदा बघा आणि प्रत्येकापुढे विचारा, हे काम मुळात कुणाचं होतं? टाळं लागलेल्या मिलच्या कामगाराच्या घरात धान्य पोचवणं, एकट्या म्हाताऱ्यांची यादी ठेवणं, अंत्यविधीची सोय, सरकारी कागदाची वाट दाखवणं, ही किराणा दुकानदाराची कामं नव्हेत. शहर चालवणाऱ्यांनी करायची कामं एका माणसाने फुकटात, स्वतःचं भांडवल अडकवून, चाळीस वर्षं केली. आता तो गेल्यावर शहर त्याच्या नावाची पाटी लावणार आणि मोकळं होणार. पाटीचा खर्च किती? एका घराच्या दोन महिन्यांच्या उधारीइतका.

गेल्या काही वर्षांत तर हे फारच उघडं पडलं. नागपूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. पुढची निवडणूक झाली ती थेट जानेवारी 2026 मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं शहराला एकही नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकाचा. नगरसेवकाच्या दारी जाऊन ओरडायचीही सोय नव्हती. आमच्या वस्तीत लोक कुठे गेले? ओट्यावर. गडर तुंबली, भाऊ. दिवे बंद, भाऊ. टँकर आला नाही, भाऊ. त्यांच्या हाती अधिकार कसलाच नव्हता. होते ते ओळखीचे चार लाइनमन, दोन जमादार आणि एका टँकरवाल्याचा नंबर. निवडणूक न लढवलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या माणसाने गल्ल्यावर बसून एका गल्लीचं लोकप्रतिनिधित्व केलं. याला आपण 'भाऊंचा मोठेपणा' म्हणतो. मोठेपणा आहेच. पण लोकशाहीचा कारभार एका माणसाच्या स्वभावावर सोडून देण्याची ही आपली खोडही आहे, आणि ती मोठेपणाच्या शालीखाली झाकली जाते.

आता निवडणूक झाली आहे, नगरसेवक आले आहेत. 38 प्रभाग, 151 नगरसेवक. एक सोडून प्रत्येक प्रभागात चार-चार जण. कुठल्या कामाला चौघांपैकी कोणाला धरायचं, हे मला अजून समजलेलं नाही आणि मी तर वर्तमानपत्र वाचणारा माणूस आहे. मात्र चौकाच्या नावाचं काढलं तर चौघेही तयार होतात, उद्‌घाटनाच्या कोनशिलेवर चारही नावं बसतात.

नावांबद्दलच बोलायचं तर नागपूरकरांइतका नावांच्या बाबतीत हट्टी माणूस दुसरा नसेल. पंचशील चौक, लिबर्टी चौक, अलंकार चौक ही टॉकीजवरून पडलेली नावं. मेडिकल चौक, लॉ कॉलेज चौक, आठ रस्ता चौक यांनाही लोकांच्या पायांनीच नावं दिली. गांधीसागर होऊन इतकी वर्षं झाली, माझी आई अजून 'शुक्रवारी तलाव'च म्हणते. आणि हे शहर तर वारांच्या बाजारांवर वसलेलं आहे: इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. ज्या दिवशी बाजार भरायचा त्या दिवसाचं नाव त्या पेठेला. म्हणजे दुकानदारीचं नाव लावायला या शहराला कुणी शिकवायची गरज नाही. आमचे रिक्षावाले आजही त्या कोपऱ्याला 'भाऊच्या दुकानापाशी' म्हणतात. हे नाव आधीच पडलेलं आहे. पाटी लागली की त्याचं काहीतरी लांबलचक होईल, पुढे 'स्वर्गीय', मागे 'मार्ग', मध्ये 'समाजसेवक'. आणि ते नाव पत्ता सांगताना कुणीही घेणार नाही.

भाऊंवर टीका करणारेही आहेत, आणि त्यांचं ऐकल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. बैठकीनंतर माझी एक वर्गमैत्रीण मला घरी म्हणाली, "तुले चांगले वाटत भाऊ. आमच्या घरी कोण आलं, कोण गेलं, मी किती वाजता परतली, सारं त्या ओट्यावर मोजल्या जाये." पॅड घ्यायला ती सदरला जायची, कारण भाऊ ते कागदात गुंडाळून देताना नजर खाली घालायचे आणि ओट्यावरचे चार जण वर करायचे. मॉल उघडला तेव्हा तिला पहिल्यांदा मोकळं वाटलं. तिथे कुणी 'कोणाची पोरगी' विचारत नाही. दुसरी गोष्ट तिने सांगितली नाही, मला ठाऊक आहे म्हणून लिहितो. वहीत नाल्याच्या पलीकडच्या आळीची खाती होती, पण त्यांची मुदत आठवड्याच्या पुढे कधी गेली नाही. आमची वर्षभर गेली. का, ते भाऊंनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. कारण काय असणार हे वस्तीतल्या प्रत्येकाला कळत होतं.

हे लिहिताना हात थोडा अडखळला. पण माझा मुद्दा याच्यावरच उभा आहे. एका भल्या माणसाच्या मर्जीने मिळालेली मदत ही शेवटी मर्जीच असते. ती ओळखीच्यांना जास्त मिळते, अनोळखीला कमी, आणि जी घेते तिला आपलं घर उघडं करावं लागतं. रेशन हा हक्क असतो तेव्हा दुकानासमोर मुकाट उभं राहावं लागत नाही, निदान लागू नये. भाऊंना देवळात बसवलं की त्यांच्या या बाजूबद्दल बोलताच येणार नाही. मग आपण पुढच्या भाऊंची वाट बघत बसू, तोही आपल्याच आळीचा निघावा अशी प्रार्थना करत.

आणि पुढचे भाऊ येणार कुठून? भाऊंच्या मुलांनी दुकान चालवायचं नाही असं ठरवलं आहे आणि मला त्यांची चूक वाटत नाही. सकाळी सहा ते रात्री अकरा, वर्षाचे बहुतेक सगळे दिवस. भाऊंना म्हातारपणी पेन्शन नव्हती. सरकारने 2019 मध्ये लहान व्यापाऱ्यांसाठी पेन्शन योजना आणली होती, वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत असलेल्यांसाठी, साठीनंतर महिना 3000 रुपये. पण त्यात शिरायचं वय 18 ते 40. म्हणजे ज्यांनी चाळीस वर्षं गल्ला सांभाळला ते सगळे आल्या दिवशीच बाहेर. 3000 रुपयांत आज काय होतं हा प्रश्न त्यानंतरचा. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांसाठी 2014 चा कायदा तरी आहे, त्यांच्या प्रतिनिधींना शहर फेरीवाला समितीत जागा आहे. तो नीट राबतो का, हा वेगळा वाद. पण चार भिंतींच्या आत दहा बाय बाराच्या गाळ्यात बसलेल्या माणसाला अशी समितीही नाही. तो व्यापारी, म्हणजे श्रीमंत, असा आपला एक ठाम गैरसमज आहे.

भाऊंचं दुकान मॉलने किंवा दहा मिनिटांत सामान आणणाऱ्या अॅपनेच खाल्लं असं मी म्हणणार नाही. त्यात आमचाही हात आहे. पगार झाला की 1 ते 10 तारखेपर्यंत वस्तीची रोख खरेदी ट्रॉली ढकलत व्हायची, महिन्याचं तेल, डाळ, साबण, एकावर एक फुकट. 20 तारखेनंतर तीच माणसं, मी धरून, भाऊंकडे. "भाऊ, लिहून ठेवा." रोख तिकडे आणि उधार इकडे. वर दिलेला हिशेब आठवा: वर्षभराची उधारी निभवायला किती घरांची रोख लागते. ती रोख आम्हीच काढून घेतली. त्या संध्याकाळी ओट्यावर हार घालणाऱ्यांत मी ज्यांना ज्यांना ओळखतो त्यांतल्या एकानेही गेल्या पाच वर्षांत महिन्याचा किराणा पूर्णपणे भाऊंकडून भरला नव्हता. कमानीसाठी वर्गणी मात्र त्याच संध्याकाळी जमायला लागली.

भाऊ गेल्यावर मुलांनी वही उघडली तर त्यात नावं होती ती अशी: 'मिलवाला', 'पिवळं घर', 'चष्मेवाल्या बाई', 'नाल्यापाशी लहानी'. आकडे होते, पण माणूस कोण ते फक्त भाऊंना माहीत. मुलांनी ओट्यावर निरोप ठेवला की ज्यांचं असेल त्यांनी आपणहून सांगावं. काही जण गेले. किती गेले ते मुलांनी मला सांगितलं, पण मी इथे लिहीत नाही. कमानीची वर्गणी त्याहून जास्त आहे, एवढं समजा.

मग करायचं काय, असा प्रश्न बैठकीत मला विचारला होता आणि मी तेव्हा निरुत्तर झालो. आता सांगतो. पहिलं म्हणजे कमानीची वर्गणी त्या वहीत भरा. 'मिलवाला' माझे वडील असतील किंवा नसतील, मी माझ्या वाट्याचं दिलं आहे. दुसरं, ओटा वाचवा. गाळा विकला गेला की नवा मालक पहिला घाव ओट्यावर घालेल, कारण तिथे शटर पुढे आणता येतं. ओट्याची जागा रस्त्याची की गाळ्याची, हा वाद आजवर कुणी उकरला नाही कारण तिथे सगळेच बसत होते. तो आता उकरावा लागेल. नगरसेवकांकडे ठराव मागायचाच असेल तर चौकाच्या नावाचा नको, त्या सहा फुटांचा मागा: ही जागा बसण्यासाठी राखीव, आणि नाल्याच्या पलीकडच्यांसाठीही. बायकांना तिथे बसता आलं पाहिजे, हे मी माझ्या मैत्रिणीच्या वतीने जोडतो. भाऊंच्या हयातीत त्या ओट्यावर बाई बसलेली मी पाहिली नाही.

तिसरी गोष्ट कायद्यातली आहे. 2009 मध्ये आपल्या राज्याने महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. गावात जशी ग्रामसभा, तशी शहरात मतदान केंद्रांच्या हद्दीतल्या मतदारांची सभा, नगरसेवकाला समोर बसवून कामं विचारायची. कागदावर सतरा वर्षांची झाली. मी आजवर एकही पाहिलेली नाही. भाऊंचा ओटा ही आमची क्षेत्रसभा होती, फक्त तिला इतिवृत्त नव्हतं, अधिकार नव्हता आणि अध्यक्ष बदलत नव्हता. चौघा नगरसेवकांनी वर्षातून चार वेळा त्या ओट्यावर येऊन बसावं, समोर वही ठेवावी आणि मागच्या वेळेच्या नोंदींपैकी किती फिटल्या ते वाचून दाखवावं. यासाठी नवा कायदा लागत नाही आणि कमानही लागत नाही. बैठकीतला एक पोट्टा म्हणाला, ते नाही आले तर पुढच्या मारबतीला त्यांचा बडग्या, म्हणजे पुतळा, काढू. ही सूचना मला बाकी सगळ्या प्रस्तावांपेक्षा नागपुरी वाटली.

कमानीचं काम मात्र पुढे गेलं आहे. अर्ज गेला आहे, एका नगरसेवकाने शब्द दिला आहे, फ्लेक्सवर आता भाऊंच्या शेजारी त्यांचाही फोटो आला आहे, भाऊंपेक्षा थोडा मोठा.

परवा रात्री पलीकडच्या आळीतली एक बाई दुकानासमोर उभी होती. सासऱ्याला दवाखान्यात न्यायचं होतं. नवीनच राहायला आलेली, तिला कुणी सांगितलं होतं की भाऊच्या दुकानापाशी जा. शटरवर भाऊंनी ऑइल पेंटने पाच नंबर लिहून ठेवले होते: लाइनमन, टँकर, अॅम्ब्युलन्स, शववाहिका आणि एक ऑटोवाला. फ्लेक्सने त्यातले तीन झाकले होते. आम्ही दोघांनी फ्लेक्सची खालची दोरी सोडली, तो वर गुंडाळला आणि मोबाइलच्या उजेडात नंबर वाचले. ऑटोवाल्याने उचलला.